'यंत्रयुग' या शब्दाआड

आपल्या समीक्षेच्या परिभाषेत काही शब्द असे आहेत की ते एकदा उच्चारले म्हणजे पुढे विचार करण्याची गरजच उरत नाही. 'यंत्रयुग' हा त्यांपैकी एक. यंत्रयुग आले, माणूस मातीपासून तुटला, महानगराच्या गर्दीत एकाकी झाला, त्याचे यंत्र झाले: गेली साठ-सत्तर वर्षे आपण हे वाक्य निरनिराळ्या क्रियापदांनी सजवून लिहीत आलो आहोत. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षक त्याला गुण देतात आणि पुढे तेच विद्यार्थी प्राध्यापक झाले की ते फळ्यावर लिहितात. या वाक्यात कर्ता कोण आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. व्याकरणदृष्ट्या कर्ता 'यंत्रयुग' आहे. म्हणजे एक भाववाचक नाम आहे. भाववाचक नामाला कोणी जाब विचारीत नसतो. ज्या माणसांनी निर्णय घेतले आणि ज्या माणसांनी ते सोसले, ती दोन्ही माणसे या वाक्यातून एकाच वेळी बाहेर पडतात.

आता मराठी माणसाच्या वाट्याला आलेले पहिले औद्योगिकीकरण काही अमूर्त नव्हते. त्याला जागा आहे, तारखा आहेत. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कापूसगिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला तिचे चाते फिरू लागले. त्याच्या तीन वर्षे आधी, 1853 च्या एप्रिलात, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत कंपन्या निघाल्या, समुद्र हटविण्याच्या योजना झाल्या आणि युद्ध संपताच 1865 मध्ये सारा डोलारा कोसळला. तरी गिरण्यांना लागणारे भांडवल शहरात साठले होते. त्यातला बराच भाग कापूस आणि अफूच्या चीनशी चाललेल्या व्यापारातून आला होता आणि प्रारंभीच्या गिरण्यांचे पुष्कळसे सूत चीनच्याच बाजारात जात असे. वाफेचे इंजिन या कथेत फार उशिरा येते. त्याआधी येतो तो भाव, कर्ज आणि बाजार.

हाच भाव आणि हेच कर्ज घाटावरच्या शेतकऱ्याच्या दारातही पोचले होते. चढत्या भावाच्या दिवसांत सावकाराने सढळ हाताने पैसे दिले, सरकारने 1867 पासून पुणे जिल्ह्यात साऱ्याची फेरआकारणी करून सारा वाढविला आणि भाव मात्र खाली आले. 12 मे 1875 रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते या तीन गोष्टींच्या कात्रीत सापडून. लगोलग 1876 ते 1878 चा दुष्काळ आला. जोतीराव फुले यांनी 1883 च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा शेतकरी कंगाल का झाला याचे उत्तर त्यांनी सारा, कर्ज, कोर्टकचेऱ्या आणि नोकरशाही यांत शोधले. म्हणजे पहिल्या पिढीच्या गद्यकाराला कारणे ठाऊक होती. ती विसरण्याचे काम नंतरच्या सुशिक्षितांनी केले.

आणि तरी गिरणीत सर्वांत मोठ्या संख्येने जो आला तो घाटावरचा शेतकरी नव्हे. तो आला रत्नागिरी जिल्ह्यातून. तेथे आगगाडी नव्हती आणि कापूसही नव्हता. होती ती खोती. भाताची चिमूटभर खाचरे, त्यांवर खोताचा हक्क, वर वेठबिगार. ही पद्धत नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले आणि प्रत्यक्ष कायदा व्हायला 1949 उजाडावे लागले. म्हणजे ताडदेवची पहिली गिरणी सुरू झाल्यापासून त्र्याण्णव वर्षे कोकणातला कुळवाडी खोताला आणि गिरणीमालकाला एकाच वेळी राबत होता. शहराच्या झगमगाटाला भुलून तो बोटीत बसला, असे लिहिणाऱ्या कथाकारांनी त्या बोटीच्या डेकवर पावसाळ्याआधी परतणाऱ्यांची गर्दीही पाहायला हवी होती.

येथे आपल्या समीक्षेच्या लाडक्या सिद्धांताला पहिली अडचण येते. हा माणूस मातीपासून 'तुटला' नाही. त्याला तुटू दिले गेले नाही. मुळे उखडलेला ग्रामीण मनुष्य ही प्रतिमा आपण इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून उचलली. तेथे सामाईक कुरणांना कुंपणे पडली, झोपड्या ओस पडल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांच्या गावी गेली. त्या इतिहासातून तेथील कवींना जे दिसले ते त्यांचे होते, खरे होते. मुंबईत घडले ते वेगळे. गिरणीने पुरुष आणला. त्याची बायको, म्हातारे आईबाप, लहान पोरे गावी ठेवली. त्याला दिलेला पगार एका माणसाच्या खानावळीचे बिल, चाळीच्या खोलीतला भाडेहिस्सा आणि गावी पाठवायचे चार रुपये एवढ्याच हिशेबाचा होता. पोरांना वाढविणे, आजाऱ्याला सांभाळणे, संपात किंवा मंदीत बेकार झालेल्याला दोन घास देणे, म्हातारपणी थकून आलेल्याला ओसरी देणे, हा सर्व खर्च गावातल्या त्या चिमूटभर खाचराने आणि ते कसणाऱ्या बाईने उचलला. गिरणी स्वस्तात चालली ती या उचलीवर. म्हणून गावाशी असलेला धागा तुटणे मालकाला परवडणारे नव्हते. शिमग्याला, गणपतीला, पेरणीला कामगार गावी जातो, तो आळशी आहे, बेशिस्त आहे, अशा तक्रारी गिरणीमालक आयोगांपुढे वर्षानुवर्षे करीत राहिले. ज्या पगारामुळे त्याला गाव सोडता येत नव्हते तो पगार तेच ठरवीत होते.

हे काही मी शोधून काढलेले गुपित नव्हे. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांचा मुंबईच्या गिरणीकामगारांवरचा ग्रंथ 1965 मध्ये आला. राजनारायण चंदावरकरांचा त्याहून मोठा आणि अनेक बाबतींत त्याला उत्तर देणारा ग्रंथ 1994 मध्ये आला. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींचे पुस्तक 2004 मध्ये काढले. इतिहासकारांनी आपले काम केले. मराठी साहित्याच्या विभागांत मात्र यंत्रयुग अजूनही आपल्या पायांनी चालत येते आणि माणसाला गिळते.

कोणी म्हणेल, यंत्राचा जाच खोटा होता काय? मुळीच नाही. माग खात्याचा कल्लोळ असा की शेजारच्याशी ओठांच्या हालचालींनी बोलावे लागे. छातीत कापसाची तूस जाई. पण हाच जाच जरा जवळून पाहू या. देशी कापूस आखूड धाग्याचा. सूत वारंवार तुटे. ते तुटू नये म्हणून विणाई खात्यात वाफ सोडून हवा दमट ठेवीत. मुंबईच्या उकाड्यात बंद खिडक्यांमागे माणसे त्या वाफेत दिवसभर उभी राहात. चांगला कापूस वापरला असता तर धागे कमी तुटले असते. नफ्यासाठी हलका कापूस, हलक्या कापसासाठी वाफ, वाफेत घुसमटणारा विणकर आणि शेवटी 'हिंदी मजुराची कार्यक्षमता कमी' असा शेरा. या साखळीतली कोणती कडी यंत्राने घडविली?

विजेच्या दिव्याची गोष्ट तर शाळेत शिकवावी इतकी सोपी आहे. आरंभी गिरणी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. सूर्य हा एकच मुकादम असा होता की त्याला दस्तुरी द्यावी लागत नसे. 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि बाजारात मागणी असलेल्या गिरण्यांनी कामाचा दिवस तेरा ते पंधरा तासांवर नेला. त्या वर्षी त्यावरून कामगारांत असंतोष उसळला. प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा 1911 मध्ये झाला. दिव्याखाली माणूस वाचूही शकतो. पंधरा तास उभे राहावे असे दिव्याच्या काचेवर लिहिलेले नसते.

कायद्यांचा इतिहासही याच दृष्टीने वाचावा लागतो. 1875 मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगातील बहुमताला कारखान्यांसाठी कायद्याची गरज वाटली नाही. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या मोजक्या माणसांनी पाठपुरावा केला. लँकेशायरच्या कारखानदारांचाही दबाव होता, पण त्यांना मुंबईतल्या पोरांपेक्षा मुंबईच्या स्पर्धेची चिंता अधिक होती. 1881 च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचा दिवस नऊ तासांवर आणला. हा सुधारणेचा टप्पा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्यापूर्वी काय होते याची कल्पना येते. प्रौढ पुरुषाचे तास त्या कायद्याने मोजलेच नाहीत.

तास मोजण्याची मागणी केली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक चळवळीतला हा माणूस. 1880 पासून 'दीनबंधु' मुंबईतून चालवणारा. 1884 मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या काय होत्या? आठवड्यातून रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत काही वेतन. यंत्र मोडा असे त्यांत कोठेही नाही. 'आम्हांला गावी परत न्या' असेही नाही. यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला आपल्या दुःखाचे कारण नेमके ठाऊक होते आणि ते त्याने पाच कलमांत मांडले. 1890 च्या एप्रिलात सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या आणि त्याच वर्षी रविवारची सुट्टी मान्य झाली.

योगायोग असा की हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' साप्ताहिकही 1890 मध्येच सुरू झाले. मराठी कादंबरीच्या इतिहासात ते वर्ष आपण ठळक अक्षरांत छापतो, आणि योग्यच करतो. मध्यमवर्गीय घरातल्या स्त्रीचे दुःख हरिभाऊंनी ज्या निष्ठेने लिहिले त्याला तोड नाही. हरिभाऊंनी गिरणीवर का लिहिले नाही, हा प्रश्न मूर्खपणाचा आहे. लेखक आपल्या अंगणातलेच लिहितो. प्रश्न वाङ्मयेतिहासकारांना आहे. 'दीनबंधु'मधले गद्य, कामगारांची निवेदने, सभांतली भाषणे यांना मराठी गद्याच्या इतिहासात आपण कोणते पान दिले? वृत्तपत्रांच्या यादीत एक ओळ, सामाजिक चळवळींच्या प्रकरणात एक परिच्छेद. भाषेच्या दृष्टीने त्यात काय घडत होते, अर्ज आणि आर्जव यांच्या मधली कोणती शैली तेथे जन्मत होती, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने करायचा नाही तर कोणी करायचा?

यंत्रयुगाच्या सिद्धांताची दुसरी बाजू आशावादी आहे आणि तीही तितकीच तपासण्यासारखी आहे. गिरणीने जात मोडली, असे तिचे म्हणणे. एका छपराखाली सारे राबले, एका भोंग्यावर उठले, तेव्हा भेदाभेद आपोआप गळून पडला. गिरण्यांत विणाई खाते सर्वांत बऱ्या पगाराचे. तेथे कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणजे एकाचा ओठ लागलेल्या धोट्याला दुसऱ्याचा ओठ लागणार. म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात प्रवेश नव्हता. त्याने कमी पगाराच्या खात्यांत राहावे. 1928 मध्ये सहा महिने चाललेल्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे ठेवला. लँकेशायरहून आलेला, कोणाचाही विटाळ न मानणारा धोटा मुंबईत आला आणि विटाळ मानू लागला. जात जुनी आणि यंत्र नवे, म्हणून एकाने दुसऱ्याला हटवावे असा नियम नाही. दोघांनी एकमेकांची सोय पाहिली.

ही सोय पाहणारा मध्यस्थ म्हणजे जॉबर. आपल्या साहित्यात तो खलनायक म्हणून अधूनमधून डोकावतो. खरे तर तो एक संस्था होता. कामावर घेणे, काढणे, बदलीवाल्यांतून रोज सकाळी कोणाला आत सोडायचे ते ठरविणे, खोली पाहून देणे, उधारी मिळवून देणे, हे सारे त्याच्या हाती. त्याबद्दल दस्तुरी. बायकांच्या खात्यांत नायकीण. गिरणीच्या व्यवस्थापकाने माणसे सांभाळण्याचा त्रास गावातल्या, जातीतल्या, भावकीतल्या एका माणसाकडे सोपविला आणि हात झटकले. पण हीच भावकी संपाच्या काळात कामगाराच्या उपयोगी पडली, हे चंदावरकरांनी विस्ताराने दाखविले आहे. चाळ, खानावळ, व्यायामशाळा, गावकीच्या सामाईक खोल्या, भजनीमंडळे यांच्या आधारावर 1928 चा संप सहा महिने टिकला. एकाकी, यंत्रवत झालेली माणसे सहा महिने संप करीत नसतात.

आणि ज्या वेळी माणसे दुर्मिळ झाली, त्या वेळी काय घडले पाहा. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग दिसला. काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. कामगार गावी पळाले. मागे राहिलेल्यांना मिळविण्यासाठी गिरण्या आपसांत भांडू लागल्या. सहा-सहा आठवडे पगार अडकवून ठेवणाऱ्या त्याच मालकांनी रोजचा पगार रोज द्यायला सुरुवात केली. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर मजुरीचा लिलाव होऊ लागला. लोखंड्यांची महिनोन्महिने केलेली आर्जवे जे साधू शकली नाहीत, ते एका पिसवेने काही दिवसांत साधले. प्लेग ओसरला तशी जुनी रीत परतली. यंत्रे मात्र तीच होती.

स्त्रियांविषयी लिहिताना माझी लेखणी जरा कठोर होते. गिरणीकामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. तान्हे पोर घरी ठेवून जाणारी आई त्याला अफूची बाळागोळी देई. ते दिवसभर निजून राही. 1921 मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे एक वर्षाखालील साडेसहाशेहून अधिक मृत्यूंची नोंद आहे. आकडा फुगलेला असणार, कारण पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म गावी लागे आणि मृत्यू शहरात. पण हा फुगवटासुद्धा काय सांगतो? एका आयुष्याची नोंद दोन ठिकाणी वाटून टाकलेली आहे. प्रसूतिलाभाचा कायदा 1929 मध्ये झाला, त्यानंतर खर्चकपातीच्या योजना आल्या आणि स्त्रिया हळूहळू गिरणीबाहेर गेल्या. खानावळी चालवू लागल्या, दहा-दहा पुरुषांचे जेवण रांधू लागल्या. आपल्या 'महानगरीय संवेदने'च्या चर्चेत ही खानावळवाली कोठे आहे? बालकनीतून पाऊस पाहणारा एक अस्वस्थ तरुण तेवढा आहे.

मर्ढेकरांना या वादात ओढण्याचे मला कारण नाही, पण त्यांच्या भाष्यकारांना आहे. 'काही कविता' 1947 मध्ये आली. तिच्यामागे दोन महायुद्धे आहेत, शहरी नोकरदाराचा दिनक्रम आहे, एक आध्यात्मिक तळमळ आहे. भाष्यकारांनी हे सारे 'यंत्रयुगीन मानवाची व्यथा' या एका पेटीत भरले आणि पेटी इतकी मोठी केली की तीत गिरणीकामगारही बसला असे त्यांना वाटले. तो बसला नव्हता. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा' ही कादंबरी गिरणगावावर लिहिली, तिला आपण प्रचारकी ठरविले. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या लावणीला लोकप्रिय म्हटले आणि तेथेच सोडले. वस्तुतः पुरुष शहरात आणि बायको गावी ही जी गिरणीची अर्थव्यवस्था, तिचे मर्म त्या शीर्षकातच आहे. नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' 1962 मध्ये आला तेव्हा त्यांना मान दिला, पण 'कामगार कवी' या उपाधीचे कुंपण घालून. ज्याला आपण विश्वात्मक व्यथा म्हणतो ती कचेरीतल्या माणसाची, आणि ज्याला वर्गीय म्हणतो ती कारखान्यातल्या माणसाची, ही वाटणी कोणत्या सौंदर्यशास्त्रात बसते ते मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही. जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहाला 2012 मध्ये साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. तोवर 1982 च्या संपाला तीस वर्षे झाली होती आणि गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे होते. त्या मनोऱ्यांवर लिहितानाही 'जागतिकीकरण आले आणि' अशी वाक्ये मी पुष्कळ वाचली आहेत. कर्ता पुन्हा एक भाववाचक नाम.

इतर भारतीय भाषांच्या अभ्यासकांना हा वाद केवळ मुंबईचा वाटू नये. हुगळीकाठी 1855 मध्ये ताग गिरणी सुरू झाली, अहमदाबादेत रणछोडलाल छोटालाल यांची कापूसगिरणी 1861 मध्ये. बंगाली आणि गुजराती समीक्षेने या काळासाठी कोणती नामे वापरली आणि त्यांच्याआड कोण झाकले गेले, हे त्या त्या भाषेतल्यांनी पाहावे.

मराठीपुरते पाहायचे तर काम पुष्कळ आहे आणि ते ग्रंथालयांत बसूनच करायचे आहे. टपाल खात्याची मनीऑर्डर 1880 मध्ये सुरू झाली. गिरणगावातून कोकणात महिन्याला जे काही रुपये जात, त्यांच्यासोबत कुपनावर दोन-चार ओळी जात. पाठविणारा बहुधा निरक्षर. त्या लिहून देई चाळीतला एखादा शिकलेला मुलगा किंवा पोस्टाबाहेर बसलेला लेखनिक. वाचून दाखवी गावचा शाळामास्तर. इतक्या लहान जागेत, परक्या हाताने, तिसऱ्याच्या तोंडून आपल्या बायकोला काय सांगायचे आणि काय नाही, हे ठरविणारी लाखो वाक्ये या भाषेत लिहिली गेली. कोकणातल्या ट्रंकांमध्ये त्यांतली काही कुपने अजून असतील. ती गोळा करण्यासाठी आपल्या एखाद्या मराठी विभागाने एक संशोधक जरी गावोगाव धाडला, तरी यंत्रयुगावरचे पुढचे दहा प्रबंध लांबणीवर टाकायला माझी हरकत नाही.